एक काना जास्त

हरणी, बडोदे
१३ जुलै २०२५

मोहनाबाईसाहेब,

तू माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठी आहेस म्हणून ‘बाईसाहेब’ लिहिलंय. याहून जास्त मान मामेबहिणीला मिळणार नाही. तुमच्या वसतिगृहात फोन चालत नाही, त्यामुळे मला या जमान्यात पाकिटं चिकटवत बसावं लागतंय. पोस्टातले काका दर वेळी विचारतात, कोर्टाचं आहे का.

मिरज सोडून बडोद्याला आल्याला आता तीन महिने झाले. बाबा सकाळी रिफायनरीच्या बसने जातात आणि संध्याकाळी येताना सेव-उसळ आणतात. बदली त्यांच्या चांगली अंगी लागली आहे, पोटावर दिसते. आईचं मात्र गुजरातीशी जमत नाही. परवा शेजारच्या ज्योत्स्नाबेनने दारातून विचारलं, “यशश्री नवरी छे?” आईचा चेहरा बघायला हवा होतास. म्हणाली, “नाही हो, चौदाचीच आहे, शिकतेय अजून.” गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी, हाताला काम नसलेली. ज्योत्स्नाबेनला मी फक्त त्यांच्या फोनवर वीजबिल शोधून द्यायला हवी होते. तेव्हापासून बाबा रविवारी पाय पसरून पेपर वाचत बसले की आई म्हणते, नवरा हा शब्द गुजरातीतच बरोबर आहे.

मला गुजराती येतं. अक्षरं बरीचशी आपलीच, फक्त डोक्यावरची रेघ पुसलेली. मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकले आणि त्या जोरावर शुक्रवारी वर्गात भाव खाल्ला. झालं काय, नववीच्या सगळ्यांची मनाची तपासणी होती. डोळे तपासतात, दात तपासतात, तसं मन. कॉलेजच्या दोन ताया आल्या आणि प्रश्नांचे कागद वाटले. झोप लागते का, उगाच रडू येतं का, पूर्वी आवडायचं ते आता नकोसं वाटतं का. पुढे तीन चौकटी: कधीच नाही, कधी कधी, वारंवार. इंग्रजी कागद कमी पडले तेव्हा ताईंनी विचारलं, गुजराती कोणाला चालेल? मागच्या बाकावरच्या अस्सल गुजराती मुलांनी माना खाली घातल्या आणि मिरजेच्या मुलीने हात वर केला.

सोपा होता कागद. मला त्यात छपाईची चूकसुद्धा सापडली. ‘तुला अपघाताचे विचार येतात का’ या प्रश्नात अपघातातल्या अ ला एक काना जास्त दिला होता. आपघात. मी मोठ्या मनाने माफ केलं आणि खरं ते उत्तर दिलं: वारंवार. कारण आई ॲक्टिव्हा शिकतेय, आणि मला मागे बसवून शिकतेय. सर्कल आलं की ती डोळे मिटते. पुढचा प्रश्न होता, त्यासाठी काही तयारी केली आहे का? मी ‘हो’वर खूण केली. हेल्मेट घालते आणि कंपासपेटीत बाबांचा नंबर ठेवते, आणखी काय तयारी करायची माणसाने.

तुझं सांग. धावण्याच्या संघात घेतलं का तुला? मामीने दिलेले लाडू तर संपलेच असतील, आता बाकीच्यांचे चालू असतील.

तुझी,
यशश्री


वसतिगृह, वाईजवळ
२२ जुलै

यशे,

तुझं पत्र मिळालं. येणाऱ्या पाकिटात इथे फक्त खाऊ आणि पैसे शोधतात, पत्र कोणी वाचत नाही. जाणारी पत्रं मात्र आमच्या रेक्टर, भक्ती मॅडम, उघडी घेतात. सगळी वाचतात, लाल पेनाने शुद्धलेखन तपासतात आणि मग स्वतः पोस्टात टाकतात. शाळेबाहेर जाणारा मजकूर निर्दोष असावा असं त्यांचं म्हणणं आहे. तेव्हा लाल गोल दिसला तर घाबरू नकोस, रक्त नाही.

मी इथे अतीशय मजेत आहे.

[समासात, लाल पेनाने: अतिशय. ति ऱ्हस्व.]

बघ, पडला असेलच लाल गोल, म्हटलं नव्हतं?

तर मजेची हकिकत. धावण्याच्या संघात गेले नाही. त्यांना पहाटे पाचला उठवतात आणि मी तेव्हा आधीच जागी असते, मग उठवून घेण्यात काय गंमत. लाडू वाटून टाकले. दातात अडकायचे. खोलीतल्या मुली माझ्यावर भलत्याच खूश आहेत, त्यांनी मला दानशूर अशी पदवी दिली आहे. रविवारी बाबांचा फोन येतो. मॅडम शेजारी बसून विणकाम करतात. बाबा विचारतात, बरं चाललंय ना? मी म्हणते, हो. मग बाबा म्हणतात, अभ्यास कर. आमचा फोन सगळ्या वसतिगृहात लवकर आटोपतो, मागच्या मुलीचा नंबर पटकन लागतो आणि तीही माझ्यावर खूश होते. एकंदरीत माझ्यामुळे बरेच लोक सुखी आहेत.

कांचनआत्याला सांग, सर्कलला डोळे उघडे ठेव, फार काही दिसत नसलं तरी.

मोहना


हरणी, बडोदे
३ ऑगस्ट

मोहने,

मी जिवंत आहे. ही बातमी म्हणून लिहितेय, कारण आमच्या शाळेला त्याबद्दल शंका होती.

वर्ग चालू असताना शिपाईकाका मला बोलवायला आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत बघते तर आई बसलेली, पदर डोळ्यांना. बाबा रिफायनरीच्या कपड्यांतच, गळ्यात पट्टा तसाच. समोर एक बाई, इतक्या हळू बोलणाऱ्या की मला वाटलं खोलीत कोणी झोपलंय. त्या हेतलबेन. छाणीहून येतात, मुलांच्या मनाचं बघतात. पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवून त्यांनी हिंदीत विचारलं, हे विचार कधीपासून येतात, बेटा?

मी म्हटलं, एप्रिलपासून. बडोद्याला आल्यापासून.

बाबांनी मान खाली घातली. जास्त करून केव्हा येतात? मी म्हटलं, आई बरोबर असते तेव्हाच. यावर आईचा बांध फुटला. आणि तयारी, हेतलबेनने आणखी हळू विचारलं, काय तयारी केलीस? मी म्हटलं, हेल्मेट.

मला वाटलं पुरेसं पटलेलं नाही, म्हणून मी कंपासपेटी उघडून बाबांचा नंबरही दाखवला. तेव्हा कुठे हेतलबेनने विचारलं, आपघात म्हणजे काय समजलीस तू?

मोहने, तो काना जास्त नव्हता. गुजरातीत आपघात म्हणजे आत्महत्या. आपल्या अपघाताला ते अकस्मात म्हणतात. कुठल्या दोन शब्दांत कानाचाच फरक ठेवायचा याची काही अक्कल? मी सगळ्या शाळेपुढे लिहून दिलं होतं की मला वारंवार तसं वाटतं आणि माझी तयारीही झाली आहे.

बाबा ठसका लागेपर्यंत हसले. आईने आधी मला पर्सने मारलं, मग जवळ घेतलं, मग परत मारलं. मुख्याध्यापकांनी चहा मागवला. ॲक्टिव्हाची किल्ली बाबांनी त्या दिवसापासून कपाटात ठेवली आहे, म्हणजे तपासणीचा काहीच उपयोग झाला नाही असं नाही.

हेतलबेन हसल्या, पण मला सोडलं नाही. म्हणाल्या, चुकून आलीस तरी आलीच आहेस, बस. आता दर शुक्रवारी मी त्यांच्याकडे जाते. नेमका तेव्हाच गुजराती व्याकरणाचा तास असतो, हा निव्वळ योगायोग. मी त्यांना विचारलं, इतका वाईट प्रश्न असा तोंडावर कशाला छापता? त्या म्हणाल्या, लोकांना वाटतं विचारलं की मुलाच्या डोक्यात ते शिरेल. तसं होत नाही. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून मुलाला हायसं वाटतं. मग मी विचारलं, आणि कोणी खरंच हो लिहिलं तर? त्या म्हणाल्या, तिला एकटं ठेवायचं नाही आणि मोठ्या माणसाला सांगायचं. तिने नको म्हटलं तरी? तरी. मी म्हटलं, ती रुसेल. त्या म्हणाल्या, “रुसायला ती असेल तर खरी.”

हे मी उगाच लिहीत नाहीये. तू लाडू वाटलेस हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, शहाणी झाली पोरगी. मला नाही पटलं. दुसरीत असताना तू माझ्या तोंडातला अर्धा लाडू ओढून खाल्ला होतास. तू दानशूर होणं शक्य नाही. तेव्हा आता तुझी तपासणी. झोप, भूक, मन, आणि तो शेवटचा प्रश्नसुद्धा. थट्टा हवी तेवढी कर, पण उत्तर खरं दे.

यशश्री


वसतिगृह, वाईजवळ
१२ ऑगस्ट

यशे,

तुझं हेल्मेट वाचून मी मोठ्याने हसले. शेजारच्या पलंगावरची मुलगी उठून बघायला आली, की हा आवाज कुठून आला.

आता तपासणी. झोप: रात्र सोडून सगळ्या वेळी येते, गणिताला हमखास. भूक: मेसच्या मावशींना विचार, माझ्या ताटावर त्यांचं मांजर पोसलंय. मन: हरवले आहे. उंची मध्यम, रंग आठवत नाही, सापडल्यास मिरजेच्या पत्त्यावर कळवावे. रडू: नाही. तेवढी सोय असती तर बरं झालं असतं.

शेवटचा प्रश्न. पावसाने इथल्या पायऱ्यांवर शेवाळ धरलंय, त्यामुळे मलाही आपघाताचे विचार येतात. वारंवार. तुझ्या कागदावर होता तोच शब्द, मी नीट बघून लिहिला आहे.

[समासात, लाल पेनाने: अपघात. काना नको.]

कांचनआत्याला सांगू नकोस. ॲक्टिव्हा कायमची सोडेल बिचारी.

मोहना


हरणी, बडोदे
१८ ऑगस्ट

मोहना,

हे पत्र मी मिरजेच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण हे पोचेल तेव्हा तू घरी असशील.

तू सांगू नकोस म्हणालीस. मी सांगितलं.

तुझं पत्र दुपारी आलं. मांजरापर्यंत मी हसत होते. मग तो लाल गोल दिसला. मॅडमनी काना बरोब्बर पकडला होता आणि त्यावर काट मारली होती. मी तसंच पत्र घेऊन स्वयंपाकघरात गेले. आईने वाचलं आणि म्हणाली, अगं, मॅडमनी दुरुस्त केलंय की. मी म्हटलं, आई, तिने नीट बघून लिहिलंय. आईने परत वाचलं. मग ती खाली फरशीवरच बसली. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं तरी आम्हाला दोघींनाही कळलं नाही.

आईने धनामामाला फोन लावला, पण तिला बोलता येईना. मामा म्हणत होता, कांचन, उगाच घाबरू नकोस, मी कालच बोललो, बरी आहे ती. मी फोन घेतला. मला काना-बिना समजावत बसायला वेळ नव्हता. मी म्हटलं, “मामा, ती लाडू वाटतेय. तिने सगळे लाडू वाटून टाकले.”

मग मला गाडीची किल्ली शोधल्याचा आवाज आला.

मी हेतलबेनलाही फोन केला. त्यांनी मामाला गाडीतच गाठलं. म्हणाल्या, आधी वसतिगृहात कळवा, तुम्ही पोचेपर्यंत तिच्याजवळ कोणीतरी बसून राहायला हवं. गेल्यावर रागवायचं नाही, असं का केलंस विचारायचं नाही, नुसतं जवळ बसायचं आणि मग डॉक्टरकडे न्यायचं. मामा सगळ्याला हो म्हणाला. इतक्या वेळा हो म्हणताना मी त्याला कधी ऐकलेलं नाही.

आता तू माझ्यावर रुसणार. मला ठाऊक आहे तू कशी रुसतेस, पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, जेवणाची हाक आली की विसरतेस. हवं तेवढं रूस. मला भीती वाटतेय, मोहना. आजपर्यंत तुझ्याशिवाय मी कशाचीच कल्पना केलेली नाही आणि करणारही नाही. मला तू हवी आहेस. लाडू ओढून घेणारी हवी आहेस, पण वाटणारी असलीस तरी चालेल.

यशश्री


[पोस्टकार्ड]
हरणी, बडोदे
७ सप्टेंबर

मोहने,

हेतलबेन दर शुक्रवारी विचारतात, बहीण रुसली आहे का? मी म्हणते, हो, पत्र नाही, फोनवर येत नाही. त्या म्हणतात, “सरस.” गुजरातीत सरस म्हणजे छान. मला आता या भाषेचं काही आश्चर्य वाटत नाही.

यशश्री


मिरज
२९ सप्टेंबर

यशे,

रुसले होते. मनापासून, भिंतीकडे तोंड करून. बाबा मॅडमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले तेव्हा मला तुझा इतका राग आला, की तू समोर असतीस तर तुझी कंपासपेटी तुझ्याच डोक्यात घातली असती. मग आठवलं, तू हेल्मेट घालतेस.

त्या दुपारची गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. बाबांचा फोन आल्यावर भक्ती मॅडम धावत वर्गात आल्या. मला त्यांच्या खोलीत नेलं आणि बाबा येईपर्यंत माझं मनगट धरून बसल्या. लाल पेन नेहमीप्रमाणे अंबाड्यात खोचलेलं. मग म्हणाल्या, “मी वाचलं होतं गं.” एवढंच. आम्ही निघालो तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या आणि बाबांना सांगितलं की यापुढे पत्रं तपासणार नाही. मला त्यांचं वाईट वाटलं. त्यांना मराठीच येतं, त्याला त्या काय करणार.

इथल्या डॉक्टरांकडे दर बुधवारी जाते. गोळ्या आहेत. गोळ्यांनी आधी तोंड कोरडं पडलं, आता झोप लागते. घरी येणारं प्रत्येक माणूस कारण शोधतं. कोणी मारलं का, चिडवलं का, नापास झालीस का. कोणी काहीच केलं नाही, यशे. तेच तर सांगता येत नव्हतं. काही झालं असतं तर मी लिहिलं असतं. नुसतं एकेक करून सगळं नकोसं होत गेलं, धावणं, लाडू, गप्पा, आणि शेवटी मी. मजेत आहे हे लिहायला मात्र काही लागायचं नाही.

डॉक्टरांनी बाबांना सांगितलंय, तिला रोज सरळ विचारायचं. तू ओळखतेस आपल्या धनाजीरावांना. पहिले काही दिवस ते जेवताना वरणाकडे बघून विचारायचे, मला वाटायचं वरणाचीच चौकशी चालली आहे. तो शब्द त्यांच्या तोंडातून निघत नाही. मग तुझं ते हेल्मेटचं पत्र त्यांनी माझ्याकडून मागून वाचलं, आणि आता रोज विचारतात, “आज कान्याचा आला का?” मी कधी नाही म्हणते, कधी हो म्हणते. हो म्हटलं की ते ताट बाजूला सारतात आणि माझ्याजवळ येऊन बसतात. परवा हो होतं. काल नव्हतं. अजून असंच चाललंय, म्हणून तुला सगळं बरं झालं असं लिहीत नाही.

पण काल काय झालं ते लिहिलंच पाहिजे, त्यासाठीच रुसवा सोडला. डॉक्टर म्हणाले होते, जमेल तेव्हा थोडं बाहेर पड. मी सायकल काढली. गल्लीच्या तोंडाशी नवरात्राचा मांडव घातलाय, त्याच्या दोरीत चाक अडकलं आणि मी सपशेल पडले. गुडघा फुटला, कोपर सोलवटलं. आवाज ऐकून बाबा चहाचा कप हातात घेऊनच धावत आले.

“काय झालं?”

“अपघात,” मी म्हटलं.

बाबा जागच्या जागी उभे राहिले. मग हळूच विचारलं, “कान्याचा?”

“बिनकान्याचा.”

बाबा तिथेच रस्त्यावर मांडी घालून बसले आणि रडायला लागले. मलाही रडू आलं, तेही कितीतरी दिवसांनी, चांगलं भोकाड पसरून. मांडवातली मंडळी पाणी घेऊन धावली आणि त्यांनी आधी बाबांचेच गुडघे तपासले. सगळ्यांना वाटलं, पडले ते बाबाच.

गुडघा ठणकतोय. त्यावर औषध म्हणून आईने लाडू केले. मी दोन खाल्ले. तुझ्या वाटणीचे ठेवले होते, पण ते किती दिवस राहतील याची मी काही हमी देत नाही.

मोहना

ता. क. शुद्धलेखन कोणीही तपासलेले नाही.